ओळीवर बोट ठेव: नववी-दहावीला इंग्रजी उतारा समजून वाचायला शिकवताना

शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरून निवड झाली, मराठवाड्यातल्या एखाद्या गावची शाळा मिळाली आणि हजर झाल्या दिवशीच मुख्याध्यापकांनी नववी-दहावीचं इंग्रजी तुमच्या गळ्यात टाकलं. असं तुमच्या बाबतीत झालं असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. मी परभणी जिल्ह्यात मराठी माध्यमाच्या वर्गांना इंग्रजी शिकवतो. पहिली दोन वर्षं मी चुकीचं शिकवलं. ते कुणी सांगितलंही नाही, कारण वर्ग शांत असायचा आणि पोर्शन वेळेत संपायचा.

माझी पद्धत सोपी होती. पाठातली एक ओळ वाचायची, तिचं मराठी सांगायचं, पुढची ओळ घ्यायची. लेकरं माना डोलवायची. पुस्तकातल्या प्रश्नांची उत्तरं फळ्यावर, तिथून वहीत, वहीतून पाठ. मग घटक चाचणीत मी पुस्तकाबाहेरचा एक साधा उतारा घातला. म्हाताऱ्याने सापडलेली पिशवी परत का केली, असा प्रश्न होता. बहुतेकांनी उताऱ्यात जिथं पहिल्यांदा ‘ओल्ड मॅन’ दिसलं, ती अख्खी ओळ उचलून उत्तर म्हणून लिहिली होती. त्या ओळीत म्हातारा नुसता बसमध्ये चढत होता.

मी पेपर घेऊन शिक्षक खोलीत कपाळाला हात लावून बसलो, तेव्हा आमच्या एका ज्येष्ठ मॅडमनी कागदावर एक वाक्य लिहून माझ्यापुढं सरकवलं: ‘टिंब्याने काल रानात दोन झुफळ्या खरडोळल्या.’

“कोणी खरडोळल्या?”

“टिंब्याने.”

“किती?”

“दोन.”

“कुठं?”

“रानात.”

“बघा, सगळी उत्तरं बरोबर. आता सांगा, झुफळी म्हणजे काय आणि त्याने त्या कशाला खरडोळल्या?”

मला हसू आलं आणि लाजही वाटली. माझी लेकरं वर्षभर झुफळ्याच खरडोळत होती. त्या दिवसापासून माझ्या वर्गात एक नियम आहे: उत्तर दिलं की ते कुठून काढलं त्या ओळीवर बोट ठेवायचं आणि तीच ओळ का, ते सांगायचं. मराठीत सांगितलं तरी चालेल. खाली जे लिहिलंय ते सगळं या एका नियमाभोवती फिरतं.

१. आधी अडतंय कुठं ते बघा

नवीन वर्ग मिळाला की पहिला आठवडा पाठ सुरू करू नका. सहावीच्या पुस्तकातला साठ-सत्तर शब्दांचा उतारा घ्या आणि एकेका लेकराला बाजूला बोलावून तीन गोष्टी करा. त्याला मोठ्याने वाचायला लावा आणि दोन प्रश्न मराठीत विचारा. मग तसाच दुसरा उतारा तुम्ही वाचून दाखवा, त्याने फक्त ऐकायचं, पुन्हा दोन प्रश्न. शेवटी तेवढ्याच अवघड मराठी उताऱ्यावर दोन प्रश्न.

यातून चार गट पडतात. एखाद्याला अक्षरं जुळवताच येत नाहीत, पण तुम्ही वाचून दाखवलं की समजतं. त्याचा प्रश्न वाचनाचा आहे, त्याला स्पेलिंग आणि उच्चाराचं काम द्या. एखादी घडाघडा वाचते, पण वाचून काही कळत नाही आणि ऐकूनही नाही. तिच्याकडं शब्दच नाहीत. एखाद्याला मराठी उताऱ्यातलाही ‘का’ सापडत नाही. त्याला इंग्रजी शिकवण्याआधी मराठीतच विचार करायला लावावं लागतं, आणि ही संख्या आपल्याला वाटते त्यापेक्षा जास्त निघते. उरलेली ठीक आहेत, त्यांना फक्त सराव हवा.

१९८६ मध्ये गॉफ आणि टनमर या अभ्यासकांनी हेच सूत्र मांडलं होतं: शब्द वाचता येणं गुणिले भाषा समजणं म्हणजे वाचून समजणं. गुणाकार आहे, बेरीज नाही. यातलं एक शून्य असेल, तर दुसरं कितीही असो, उत्तर शून्यच.

घडाघडा वाचणाऱ्या लेकरांपासून सावध राहा. वरिष्ठांची शाळाभेट असली की आपण त्यांनाच उभं करतो. आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ. सगळे खूश होतात आणि त्या पोरीला काहीच कळलेलं नाही, हे दहावीच्या निकालापर्यंत झाकून राहतं.

२. सामान

फार काही लागत नाही:

- बालभारतीची पाचवीपासून दहावीपर्यंतची इंग्रजीची पुस्तकं. ई-बालभारतीवर पीडीएफ फुकट मिळतात. खालच्या इयत्तांची पुस्तकं उताऱ्यांसाठी सोन्यासारखी आहेत.
- मंडळाच्या मागच्या तीन-चार वर्षांच्या कृतिपत्रिका, म्हणजे दहावीच्या प्रश्नपत्रिका.
- प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ. गोष्टी फुकट, सोप्यापासून अवघडपर्यंत पातळी लावलेल्या, आणि बऱ्याच गोष्टी इंग्रजीत आणि मराठीत दोन्हींत आहेत.
- वर्गात चार-पाच इंग्रजी-मराठी शब्दकोश. मोबाईल नको, त्यात लेकरं अख्खा उताराच भाषांतराला टाकतात.
- झेरॉक्ससाठी थोडे पैसे. शाळेत सोय नसेल तर उतारा फळ्यावर लिहा. शंभर शब्द लिहायला सात मिनिटं लागतात, मधली सुट्टी संपायच्या आत लिहून ठेवा.
- प्रत्येकाकडं एक पेन्सिल. ही सगळ्यात महत्त्वाची, खुणा करायला.

गाईड वर्गात आणू द्यायचं नाही. घरी कुणी अडवू शकत नाही, पण तासाला दप्तरातून बाहेर आलं की तास संपला म्हणून समजा.

३. उतारा असा निवडा

लांबी ऐंशी ते सव्वाशे शब्द. शंभर शब्दांत अनोळखी शब्द चार-पाचच्या वर नकोत. शंभरातले ९५ ते ९८ शब्द माहीत असतील तरच माणसाला मजकूर आपला आपण समजतो, असं वाचनावरचं संशोधन सांगतं. आपल्या पाठ्यपुस्तकातल्या कित्येक उताऱ्यांत कच्च्या लेकराला शंभरात तीस शब्द नवे असतात. तिथं त्याने अंदाज तरी कशावर बांधायचा?

दुसरी अट, विषय लेकराच्या जगातला असावा, निदान सुरुवातीचे दोन महिने. बर्फातल्या घसरगुंडीचा उतारा वाचताना त्याला भाषा आणि बर्फ दोन्ही नवं असतं. कापूस वेचणी, जायकवाडीचं धरण, वेरूळची लेणी, नांदेडचा गुरुद्वारा, आठवडी बाजार, या विषयावर स्वतः शंभर शब्द लिहा. तुमचं इंग्रजी साधं असलं तरी चालतं, चुकीचं मात्र नको. एखाद्या सहकाऱ्याकडून तपासून घ्या.

माझा हातखंडा उतारा लातूरच्या पाण्याच्या रेल्वेचा आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणलं होतं. आज वर्गात बसलेल्यांना ते आठवत नाही, पण घरी आई-आजीला विचारलं की तासभर ऐकायला मिळतं. उताऱ्यातली काही वाक्यं अशी:

‘द ट्रेन लेफ्ट मिरज ऑन द इलेव्हन्थ ऑफ एप्रिल. इट हॅड टेन वॅगन्स. ईच ऑफ देम हेल्ड फिफ्टी थाउजंड लिटर्स ऑफ वॉटर. द वॅगन्स हॅड बीन क्लीन्ड विथ स्टीम बिफोर दे वेअर फिल्ड. इट रीच्ड लातूर अर्ली नेक्स्ट मॉर्निंग.’

यावर ‘रेल्वे कुठून निघाली’ हा प्रश्न कुणीही सोडवतं. पण ‘रेल्वेने एकूण किती पाणी आणलं’ असं विचारा. अर्ध्या वर्गाचं उत्तर येतं ‘फिफ्टी थाउजंड लिटर्स’. मी काही बोलत नाही, फक्त म्हणतो, “ओळीवर बोट ठेव.” बोट ‘ईच ऑफ देम’वर जातं. “देम म्हणजे कोण?” मग मागच्या बाकावरून हळूच आवाज येतो, “सर, हे तर गणित झालं. पाच लाख!”

हे उत्तर उताऱ्यात कुठंच लिहिलेलं नाही, म्हणून ते उतरवून काढता येत नाही. उताऱ्यावरचे प्रश्न काढताना निदान एक प्रश्न असा काढा.

आणि वाफेने डबे का धुतले? एका वर्षी यावर वर्ग बराच वेळ गप्प होता. मग एक पोरगं म्हणालं, “आधी त्यात तेल असंल सर. आमची आजी बी रॉकेलच्या डब्यात पाणी भरू देत नाही.” उताऱ्यात तेलाचा शब्दही नाही. ओळीवर बोट आणि घरातला अनुभव, दोन्ही जुळवून त्याने उत्तर काढलं होतं. कोणत्याही गाईडात हे सापडायचं नाही.

४. वाचायच्या आधी पाच मिनिटं, जास्त नाही

शीर्षक आणि चित्र दाखवा, उताऱ्यात काय असेल ते विचारा. अंदाज फळ्याच्या कडेला लिहून ठेवा, नंतर बरोबर-चूक बघायला मजा येते. ज्याच्याशिवाय उतारा अडेलच असे दोन-तीन शब्द सांगा आणि थांबा. आमच्याकडं पंधरा ‘हार्ड वर्ड्स’ची यादी अर्थासकट फळ्यावर लिहायची जुनी सवय आहे. ती लिहून होईस्तोवर पस्तीस मिनिटांची तासिका अर्धी संपते आणि अंदाज करायला लेकरांकडं काही शिल्लकच राहत नाही.

५. पहिलं वाचन मनात, आणि एकाच प्रश्नासाठी

‘रीडिंग घेणं’ म्हणजे एकाने उभं राहून वाचायचं आणि बाकीच्यांनी आपला नंबर मोजत बसायचं. समजण्यासाठी त्याचा उपयोग नाही. उच्चार सुधारायला मोठ्याने वाचन हवं, पण ते उतारा समजून झाल्यावर, शेवटी घ्या.

पहिल्या वाचनाला एकच मोठा प्रश्न द्या: हा उतारा कशाबद्दल आहे? चार मिनिटं पूर्ण शांतता. सुरुवातीला हे तुम्हालाच जड जाईल, वर्गात शांतता असली की आपल्याला आपण काम करत नाही असं वाटतं. बाहेरून जाणारे मुख्याध्यापक डोकावतील. डोकावू द्या.

६. दुसरं वाचन पेन्सिलीने

खरं शिकवणं इथं होतं, म्हणून तासिकेतला मोठा वाटा इथं घालवा. मराठी बोलणारं लेकरू इंग्रजी वाक्यात ठरावीक ठिकाणीच अडखळतं. ती ठिकाणं पुढची.

सर्वनामं. ‘इट’, ‘दे’, ‘देम’, ‘धिस’ दिसलं की त्याला गोल करायचा आणि ते ज्याच्याबद्दल आहे तिथवर बाण काढायचा. वरच्या उताऱ्यात शेवटचं ‘इट’ म्हणजे रेल्वे, मधलं ‘दे’ म्हणजे डबे. बाण चुकला की समज चुकली, आणि ते तुम्हाला वहीकडं नुसती नजर टाकून दिसतं.

‘हिज’ आणि ‘हर’. मराठीत ‘त्याची बहीण’ म्हणताना ‘ची’ बहिणीकडं बघून लागते, ‘तिचा भाऊ’ म्हणताना ‘चा’ भावाकडं बघून. इंग्रजी फक्त मालकाकडं बघते. त्यामुळं ‘ही टुक हिज सिस्टर टु हर स्कूल’ या वाक्यात शाळा कुणाची, असं विचारलं की वर्ग दोन भागांत फुटतो. काही जण तर ‘हिज सिस्टर’ हेच चूक ठरवतात, बहीण बाई आहे म्हणून ‘हर’ हवं म्हणतात. एकदा फळ्यावर मराठी-इंग्रजी शेजारी मांडून दाखवा, महिनाभर पुरतं.

मधे शिरलेलं वाक्य. ‘द बॉय हू सोल्ड द गोट टु माय अंकल लिव्ह्ज इन सेलू.’ सेलूला कोण राहतं? हमखास उत्तर, काका. कारण ‘लिव्ह्ज’च्या सगळ्यात जवळ काकाच आहे. इथं मराठीची मदत घ्या, आपल्याकडं जो-तो आहे: ज्या पोराने माझ्या काकाला शेळी विकली, तो सेलूला राहतो. मग ‘हू’पासून ‘अंकल’पर्यंतचा भाग पेन्सिलीने कंसात टाकायला सांगा आणि कंस झाकून वाचायला लावा. उरतं ते वाक्य पहिलीतलं पोरगंही सांगेल.

वाक्य फिरवणारे शब्द. ‘बट’, ‘ऑल्दो’, ‘अनलेस’, ‘अंटिल’, ‘हार्डली’, ‘फ्यू’. ‘यू कॅनॉट वॉटर द फील्ड अनलेस द लाइट कम्स’ हे आमच्याकडं चटकन कळतं, रात्री-अपरात्री मोटार चालू करायला जाणारा बाप प्रत्येकाच्या घरात आहे. लाईट आल्याशिवाय. ‘हार्डली’ला मात्र सगळे फसतात. ‘ही हार्डली एट एनीथिंग’ म्हणजे त्याने जोरात खाल्लं, असं एका वहीत मी वाचलंय. खरं तर त्याने जेमतेमच काही खाल्लं होतं. ‘हार्ड’ माहीत होतं ना बिचाऱ्याला! असल्या शब्दांचा एक तक्ता वर्गाच्या भिंतीवर कायमचा लावा आणि प्रत्येक शब्दापुढं लेकरांनीच बनवलेलं गावाकडचं वाक्य लिहा.

या टप्प्यावर मराठी बोलू द्या, मनसोक्त. काही प्रशिक्षणांत इंग्रजीच्या तासाला मराठी नकोच, असं सांगतात. मला ते पटत नाही. लेकराने मराठीत बरोबर उत्तर दिलं, तर त्याला उतारा समजलाय. ते इंग्रजीत मांडणं हे पुढचं, वेगळं काम आहे. दोन्ही एकदम मागितलं की ते गप्प बसतं आणि त्याला काहीच समजत नाही असं आपण ठरवून टाकतो. मराठीची बंदी नको, आणि ओळीओळीचं भाषांतरही नको. भाषांतर तुम्ही केलंत तर वाचलं तुम्ही, लेकराने फक्त ऐकलं.

७. अवघड शब्द

अर्थ विचारला की लगेच सांगू नका. आधीची आणि नंतरची ओळ वाचायला लावा, शब्द चांगल्या अर्थाचा वाटतो की वाईट, कृती आहे की वस्तू, एवढं विचारा. अंदाज बांधला की शब्दकोशात बघायचं. एका उताऱ्यात दोन-तीन शब्दांवरच हा खेळ करा, बाकीचे सरळ सांगून मोकळे व्हा, नाहीतर उतारा राहतो बाजूला.

८. प्रश्न लेकरांना काढू द्या

चार-चारचे गट करा. एक जण पुढं काय येईल त्याचा अंदाज सांगेल, दुसरा प्रश्न विचारेल, तिसरा अडलेलं सोडवेल, चौथा दोन वाक्यांत सार सांगेल. पुढच्या परिच्छेदाला कामं बदलायची. पॅलिंक्सर आणि ब्राऊन यांनी १९८४ मध्ये मांडलेली ही पद्धत पन्नास-साठच्या वर्गातही चालते, फक्त पहिले तीन-चार तास गोंधळ सहन करावा लागतो. गटात हुशार एक आणि बाकी तिघं प्रेक्षक, असं व्हायला लागलं की प्रश्न विचारायचं काम कच्च्या लेकराकडं द्या. प्रश्न काढायला उत्तर माहीत असावं लागतं, हे त्याच्या लक्षात येतं.

९. कृतिपत्रिका

हे सगळं दिवाळीपर्यंत करा, परीक्षेचा सराव त्यानंतर. ८० गुणांच्या कृतिपत्रिकेत उताऱ्याखाली ए-वनपासून ए-फाइव्हपर्यंत कृती असतात: सोपी माहिती, जरा खोलातली माहिती, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि स्वतःचं मत. पुस्तकाबाहेरच्या उताऱ्यावर त्याच उताऱ्याचा सारांशही लिहायचा असतो. गुणांची विभागणी दरवर्षी मंडळाच्या आराखड्यातून खात्री करून घ्या, सहकाऱ्याच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका.

काही सूचना लेकरांना तोंडपाठ करून द्या. आधी प्रश्न वाचायचे, मग उतारा. वेब (मधे विषय आणि भोवती रिकाम्या जागा असलेली आकृती) किंवा तक्ता पूर्ण करायचा असेल तर वाक्य नको, शब्दच लिहायचे. ए-फाइव्हला उतारा उतरवून काढला तर गुण नाहीत. तिथं साधी, स्वतःची तीन वाक्यं हवीत. सारांशासाठी प्रत्येक परिच्छेदातली एकच ओळ अधोरेखित करायची, उदाहरणं-नावं गाळायची, उरलेलं जोडायचं आणि वर शीर्षक द्यायचं. शीर्षक विसरणारे प्रत्येक बॅचमध्ये निघतात.

१०. मधेच निघून जाणारी लेकरं

बीड, धाराशिव, जालना, परभणी या पट्ट्यात नोकरी असेल तर दसरा-दिवाळीनंतर काही बाकं रिकामी होतील. आई-वडील ऊसतोडीला निघाले की कुणी सोबत जातं, कुणी धाकट्या भावंडांना सांभाळत घरी राहतं. ती मार्च-एप्रिलकडं परततात, तोवर पुस्तकातले पाच-सहा पाठ होऊन गेलेले असतात, आणि मागचे पाठ भरून काढायच्या नादात आपण पुन्हा भाषांतराकडं वळतो.

मी हे करतो: निघायच्या आधी दहा उतारे झेरॉक्स करून, शिवून, पातळ वही हातात देतो. प्रत्येक उताऱ्याखाली तीनच प्रश्न आणि उत्तराच्या ओळीचा क्रमांक लिहायला जागा. शब्दार्थ मागच्या पानावर. दर रविवारी पालकांच्या मोबाईलवर एका उताऱ्याबद्दल पाच मिनिटं बोलणं होतं, रेंज असली तर. मागच्या हंगामात एका पोरीने सातव्या उताऱ्याच्या समासात मराठीत लिहून आणलं होतं: “सर, तुमचा तिसरा प्रश्न चुकलाय. याचं उत्तर कोणत्याच ओळीत नाही.” मी उतारा काढून पाहिला. टाइप करताना एक ओळ माझ्याच हातून गळली होती.